डोळ्याला एकच नाव, मशीनला दोन: मराठी वेबसाइट बनवताना कामी येणारी फुकटची हत्यारं

(ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आज आपण वेब डेव्हलपर्सच्या कामाच्या टूल्सबद्दल बोलणार आहोत. पण 'टॉप दहा टूल्स' अशी यादी मी वाचून दाखवणार नाही. तशा याद्या तुम्ही शंभर बघितल्या असतील, सेव्हही केल्या असतील, आणि परत उघडल्या नसतील. माझ्याही तशाच पडून आहेत. त्यापेक्षा मी माझी एक चूक सांगते, आणि ती शोधताना कुठलं टूल कुठे कामी आलं ते सांगते. ही सगळी टूल्स फुकट आहेत. बरीचशी तर तुमच्या ब्राउझरमध्ये आधीपासूनच आहेत.

तर झालं असं. माझ्या मावशीच्या बचत गटासाठी मी एक छोटं वेब ॲप बनवलं होतं. सभासदांची यादी, दर महिन्याचा हप्ता, आणि हप्ता भरला की एसएमएस. बस्स, एवढंच. नोंदी करणाऱ्या बायका तीन, त्यांचे फोन तीन, आणि तिन्ही फोनवर मराठीचे कीबोर्ड वेगवेगळे. मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही. मराठी म्हणजे मराठी, कीबोर्ड कुठला का असेना!

तीन-चार महिन्यांनी मावशीचा फोन आला. आवाज एकदम पडलेला. मीटिंगमध्ये यादी वाचताना तिच्या नावापुढे 'तीन हप्ते बाकी' असं आलं होतं. सगळ्यांसमोर. ती म्हणाली, "अगं, पैसे मी हातात दिलेत. तुझं ते ॲप मला खोटं पाडतंय."

पाचशे रुपयांचा हप्ता, म्हणजे प्रश्न दीड हजारांचा. पण खरा प्रश्न पैशांचा नव्हताच. गट विश्वासावर चालतो, आणि माझ्या कोडने तिचा शब्द खोटा ठरवला होता.

पहिलं हत्यार: कन्सोल

मी डेटा उघडला तर मावशी दोनदा! एका नोंदीत जुने हप्ते, दुसऱ्या नोंदीत नंतरचे तीन. नाव दोन्हीकडे तेच. अक्षर न् अक्षर तेच. मी डोळे फाडून बघितलं, काही फरक नाही. तरी ॲप म्हणतंय, या दोन वेगळ्या बायका आहेत.

मावशीचं खरं नाव इथे सांगत नाही. तसंच अवघड एक नाव उदाहरणाला घेऊ: ज्योत्स्ना कऱ्हाडे.

कॉम्प्युटरवर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एफ-१२ दाबा. डेव्हलपर टूल्स उघडतात, त्यात कन्सोल नावाचा टॅब असतो. तिथे मजकूर 'ॲरे डॉट फ्रॉम' या फंक्शनला दिला की तो एकेक संकेत सुटा करून दाखवतो. संकेत म्हणजे काय? युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिलेला असतो, तोच. काना वेगळा, मात्रा वेगळी, पाय मोडायचा हलंतसुद्धा वेगळा.

मी दोन्ही नावं सुटी केली, आणि चोर सापडला. 'कऱ्हाडे' मधला तो ऱ्ह. एका फोनने तो असा लिहिला होता: ऱ, हलंत, ह. दुसऱ्याने असा: साधा र, हलंत, मग एक अदृश्य जोडचिन्ह, मग ह. या जोडचिन्हाला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. त्याची रुंदी शून्य, म्हणून ते दिसतच नाही. पण मोजायला गेलं तर तो पूर्ण एक संकेत आहे.

आता बघा, ही दोन्ही रूपं स्क्रीनवर सारखीच दिसतात: कऱ्हाडे आणि कर्‍हाडे. आणि दोन्ही बरोबर आहेत! युनिकोडला दोन्ही लेखनं चालतात. म्हणजे कुठल्याच बाईंनी काही चुकीचं टाइप केलं नव्हतं. कीबोर्डचीही चूक नव्हती. 'दिसतं तेच साठवलेलं असतं' हे गृहीत धरणारी मी चुकले होते.

कॉम्प्युटर नाहीये, फोनवरच काम करताय? मग 'युनिव्ह्यू' शोधा. रिचर्ड इशिदा यांनी बनवलेलं हे वेब पान आहे. वेबच्या आंतरराष्ट्रीयीकरणाच्या कामात त्यांनी अनेक वर्षं घालवली आहेत. त्यात मजकूर पेस्ट केला की प्रत्येक संकेताचं नाव आणि क्रमांक समोर येतो. काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

नावं एकसारखी करायची कशी?

मी आधी काय केलं माहितीये? ते अदृश्य चिन्ह सरळ उडवलं. एका ओळीचं काम! आणि लगेच नवीन घोळ झाला.

कारण 'र, हलंत' यानंतरचं ते चिन्ह काढलं की रफार होतो. 'कर्‍हाडे' चं 'कर्हाडे' झालं. मराठीत हा फरक नुसता दिसण्याचा नाही, अर्थाचा आहे. शाळेतलं उदाहरण आठवतंय? आचाऱ्यांना बोलावलं की जेवण होतं, आचार्यांना बोलावलं की प्रवचन. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. एक अदृश्य चिन्ह काढलं आणि दरीत पाणी भरलं!

मग योग्य क्रम काय? तीन पायऱ्या आहेत.

एक, जावास्क्रिप्टचं 'नॉर्मलाइज' हे फंक्शन वापरा, त्याचा एनएफसी हा प्रकार. ऱ लिहायची अजून एक पद्धत आहे, साधा र आणि त्याखाली नुक्ता. नॉर्मलाइज केल्यावर त्याचा एकसंध ऱ होतो.

दोन, 'र, हलंत, अदृश्य जोडचिन्ह' असा क्रम दिसला की त्या जागी 'ऱ, हलंत' घाला. हे नॉर्मलाइज करत नाही, आपल्यालाच लिहावं लागतं.

तीन, ॲ कडे बघा. 'ॲडव्होकेट' मधला ॲ हा युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत आहे. पण बरेच कीबोर्ड अ टाकून त्यावर चंद्र जोडतात. दिसायला तेच, आत दोन संकेत. नॉर्मलाइज यांनाही एक करत नाही. तोही नियम आपणच लिहायचा.

आणि एक पथ्य. हे सगळं मूळ नावावर करू नका. माणसाने जसं नाव दिलं तसं ते जपून ठेवा. शोधण्यासाठी आणि जुळवण्यासाठी शेजारी वेगळा रकाना करा, आणि साफसफाई फक्त तिथे करा.

१५ अक्षरं म्हणजे नक्की किती?

आता दुसरी चूक. एसएमएस नीट मावावा म्हणून मी नाव १५ अक्षरांवर कापत होते. मला वाटलं १५ भरपूर झाली!

आता आपण दोघं मोजू. आधी आडनाव, मग नाव: कऱ्हाडे ज्योत्स्ना. क, ऱ्हा, डे. ज्यो, त्स्ना. पाच अक्षरं. मशीन काय मोजतं? 'ज्योत्स्ना' या दोन अक्षरांमध्येच ते दहा मोजतं: ज, हलंत, य, ओकार, त, हलंत, स, हलंत, न, काना. आडनावाचे सात आणि मधली मोकळी जागा धरून एकूण १८. जावास्क्रिप्टची 'लेंथ' हेच सांगते. यूटीएफ-८ मध्ये साठवताना तर देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, म्हणजे नुसत्या ज्योत्स्नाला ३० बाइट.

मग १५ वर कापलं की मेसेज गेला, 'कऱ्हाडे ज्योत्स यांचा हप्ता मिळाला'. आणि दुसऱ्या कीबोर्डवरून आलेल्या नावात एक संकेत जास्त, म्हणून तिथे 'ज्योत्' वरच कात्री. माणूस एकच, आणि मेसेजमध्ये नावं दोन, दोन्ही तुटकी. ही तक्रार माझ्यापर्यंत कधी आलीच नाही. बायकांनी बहुतेक मनात म्हटलं असेल, मशीन आहे, चालायचंच. मला याचंच जास्त वाईट वाटलं.

यावर दोन उपाय आहेत.

नाव फक्त स्क्रीनवर मावत नसेल, तर ते जावास्क्रिप्टने कापूच नका. सीएसएसमध्ये 'टेक्स्ट ओव्हरफ्लो' ला 'एलिप्सिस' द्या. पूर्ण नाव पानात तसंच राहतं, ब्राउझर फक्त दिसण्यापुरतं आवरून पुढे तीन टिंबं देतो.

मजकूर खरंच कापायचा असेल, जसा एसएमएससाठी, तर 'इंटल डॉट सेगमेंटर' वापरा. इंटल म्हणजे आय, एन, टी, एल. जावास्क्रिप्टमध्येच असलेली भाषांची ही पेटी आहे, वेगळी लायब्ररी लागत नाही. सेगमेंटर मजकुराचे वाचणाऱ्याच्या दृष्टीने तुकडे पाडतो. फायरफॉक्समध्ये तो २०२४ च्या एप्रिलमध्ये आला आणि तेव्हापासून सगळ्या मोठ्या ब्राउझर्समध्ये मिळतो. पण जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम युनिकोडच्या मूळ नियमांत २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला. त्यामुळे जुन्या फोनवर ज्योत्स्नाचे दोनऐवजी पाच तुकडे पडू शकतात. तेव्हा जुन्या फोनवर तपासल्याशिवाय भरवसा ठेवू नका.

आणि एसएमएसचं गणित लक्षात ठेवा. साध्या इंग्रजीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात. युनिकोडमधून पाठवलेल्या मराठीत ७० संकेत. त्याहून लांब झाला की मेसेजचे तुकडे होतात, आणि मग प्रत्येक तुकड्यात ६७ च. काने, मात्रा, हलंत, ते अदृश्य चिन्ह, सगळं यात मोजलं जातं. म्हणून कात्री नावावर चालवू नका. 'आपणांस कळविण्यात येते की' हे काढा! तिथे भरपूर जागा सुटते.

आकडे आणि क्रम

याच पेटीत अजून दोन कामाच्या वस्तू आहेत.

'इंटल डॉट नंबरफॉरमॅट' ला भाषा मराठी-भारत सांगितली की तो १२३४५६ चं '१,२३,४५६' करून देतो. आकडे देवनागरी आणि स्वल्पविराम लाखाच्या हिशोबाने. पण उलट्या दिशेने सांभाळा. कोणी हप्त्याच्या रकान्यात '५००' देवनागरीत टाइप केलं, आणि तुम्ही ते जावास्क्रिप्टच्या 'नंबर' ला दिलं, तर उत्तर येतं नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही'. गंमत म्हणजे पायथॉनचं 'इंट' तेच '५००' बिनतक्रार वाचतं. त्यामुळे सर्व्हरवर चाललं म्हणून ब्राउझरमध्ये चालेल असं समजू नका. उपाय सोपा आहे. देवनागरीचे ० ते ९ युनिकोडमध्ये ओळीने बसलेत, त्यामुळे दहा ओळींच्या फंक्शनमध्ये बदलून घेता येतात.

दुसरी वस्तू 'इंटल डॉट कोलेटर'. यादी नुसती सॉर्ट केली तर ती युनिकोडच्या क्रमांकानुसार लागते. तिथे ळ हा ल च्या लगेच नंतर बसलाय. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर. म्हणजे साध्या सॉर्टमध्ये 'काळे' आधी आणि 'कावळे' नंतर. आपल्या हजेरीपटात उलटं. कोलेटरला मराठी भाषा सांगा आणि याच जोडीवर तपासून बघा.

एका शब्दाची दुरुस्ती

आता सगळ्यात सोपी गोष्ट, जी मी स्वतः कितीतरी प्रोजेक्ट्समध्ये विसरले.

व्हीएस कोडमध्ये उद्गारचिन्ह टाकून टॅब दाबला की एचटीएमएलचा सांगाडा तयार मिळतो. त्यात पहिल्याच टॅगवर 'लँग' असतं, आणि त्याची किंमत असते ई-एन, म्हणजे इंग्रजी. आपण खाली सगळं मराठी लिहितो, पण वरची पाटी इंग्रजीच राहते.

त्याने काय बिघडतं? स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला चुकीच्या भाषेचा आवाज मिळू शकतो. सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीत पानाची भाषा सांगणं हे सगळ्यात पायाभूत, ए पातळीवरचं कलम आहे. शिवाय अक्षरांचं रूपही बदलतं. मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श, आणि हिंदीत रूढ असलेले ल आणि श, यांचे संकेत एकच आहेत, आकार वेगळे. नोटो सान्स देवनागरीसारख्या काही फाँटमध्ये दोन्ही आकार असतात. पण फाँटला कळायला हवं ना की हे मराठी आहे! ते 'लँग' सांगतं. ई-एन पुसा, एम-आर लिहा. झालं.

आणि आपला फाँट खरंच लागला का, हे अंदाजाने ठरवू नका. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये एखादा शब्द निवडून 'कम्प्युटेड' टॅबच्या तळाशी जा. तिथे 'रेंडर्ड फाँट्स' मध्ये प्रत्यक्ष वापरलेल्या फाँटचं नाव दिसतं. सीएसएसमध्ये लिहिलं एक आणि लागलं दुसरंच, हे इथे लगेच उघडं पडतं.

फोनवरची गोष्ट फोनवरच बघा

माझ्या लॅपटॉपवर सगळं छान दिसत होतं. पण गटातल्या बायका लॅपटॉप वापरत नाहीत. म्हणून अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स उघडून यूएसबी डीबगिंग चालू करा. फोन केबलने लॅपटॉपला जोडा. लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये, जिथे पत्ता टाकतो तिथे, 'क्रोम', कोलन, दोन तिरक्या रेघा आणि 'इन्स्पेक्ट' असं रोमन लिपीत लिहा. फोनवर उघडलेलं पान यादीत येतं, आणि त्याचं कन्सोल तुमच्या समोर. मावशीच्या फोनचा कीबोर्ड नेमकं काय टाइप करतो, हे मी असंच पकडलं.

आणि कुठलंही फंक्शन वापरण्याआधी एमडीएन उघडायची सवय लावा. मोझिलाने सुरू केलेलं हे वेबचं संदर्भ-पुस्तक. प्रत्येक पानाच्या खालच्या बाजूला तक्ता असतो: हे कुठल्या ब्राउझरमध्ये, कुठल्या आवृत्तीपासून चालतं. तिथे दोन मिनिटं गेली की नंतरचे दोन दिवस वाचतात.

जे कुठलंच टूल करणार नाही

आता खरं सांगते. ही सगळी हत्यारं हातात असती, तरी माझ्या ॲपमधली मूळ चूक सुधारली नसती. मी माणसाला त्याच्या नावावरून ओळखत होते. नाव जुळलं नाही की माझं ॲप गुपचूप नवीन सभासद तयार करत होतं. कोणाला न विचारता!

गटाच्या वहीत काय होतं? प्रत्येकीला क्रमांक होता. १ ते १४. वर्षानुवर्षं. त्या बायकांना हे आधीपासून माहीत होतं की नाव दोघींचं सारखं असू शकतं, नाव लिहिताना चुकू शकतं, म्हणून नोंद क्रमांकावर करायची. मी 'स्मार्ट' करायला गेले आणि तो रकाना काढून टाकला.

आता ॲप सभासद क्रमांकावर चालतं. नाव जुळलं नाही तर ते थांबतं आणि विचारतं, 'या त्याच का?'. आणि माझ्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये चाचणीसाठी एक नावांची यादी असते. तुम्हीही आजच बनवा: ज्योत्स्ना, दोन्ही पद्धतींनी लिहिलेलं कऱ्हाडे, दोन्ही पद्धतींनी लिहिलेला ॲ, देवनागरीतले ५००, आणि काळे-कावळे ही जोडी. नवीन फॉर्म बनवला की ही यादी त्यातून एकदा फिरवा. पाच मिनिटं लागतात.

मावशीचं काय झालं? पुढच्या मीटिंगला मी स्वतः गेले. सगळ्यांसमोर सांगितलं की हिशोब मावशीचा बरोबर होता, चूक माझ्या ॲपची. दोन्ही नोंदी मोठ्या स्क्रीनवर शेजारी शेजारी दाखवल्या. एक आजी बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "पण हे तर सारखंच आहे की गं!"

हो ना आजी. मलाही तसंच वाटलं होतं.

तर मंडळी, या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या ओळखीतलं सगळ्यात अवघड मराठी नाव घ्या आणि तुम्ही बनवलेल्या फॉर्ममध्ये टाका. साठवा, शोधा, कापा, सॉर्ट करा. कुठे तुटलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!